जास्तीचं बोट

वऱ्हाडात एखादी गोष्ट जास्तीची मिळाली की माणूस आधी मागे वळून पाहतो, चुकून दुसऱ्याची तर नाही ना उचलली! पाऊस कमी, कालव्याचं पाणी कमी, कापसाला भाव कमी, रात्रीची वीज कमी. या कमीचा हिशेब लावायला सरकारनं १९८३ साली चक्क एक समिती नेमली, अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली. पुढच्या वर्षी कोणत्या भागात कशाची किती तूट आहे ते कोटींच्या आकड्यांत छापून आलं. तेव्हापासून ‘अनुशेष’ हा शब्द आमच्याकडे ‘आई’ आणि ‘बाबा’च्या मागोमाग शिकवतात. रस्त्यांचा अनुशेष, सिंचनाचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष. मे महिन्यातलं ऊन तेवढं शिलकीत असतं, पण त्याला गिऱ्हाईक नाही.

अशा मुलखात अर्ज न करता, आमदाराला न भेटता, मोर्चा न काढता एका मांजरीच्या पिल्लाला दोन बोटं जास्तीची मिळाली. तीही अमरावतीत, आमच्या घरी, कूलरमध्ये.

कूलरमध्ये मांजर कशी व्याली, हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगावं लागेल. आमच्याकडे कूलर हा घरातला कर्ता पुरुष असतो. मार्च ते जून तो खिडकीत उभा राहून अशी गर्जना करतो, की त्या काळात टीव्हीवरची मालिका नुसती पाहायची असते. उरलेले आठ महिने तो मागच्या व्हरांड्यात ताडपत्री पांघरून पडून असतो. आत वाळलेलं गवत, तीन बाजूंनी आडोसा, माणसांची ये-जा नाही. वऱ्हाडातल्या मांजरांनी हे बाळंतपणाचं ठिकाण कधीच मंजूर करून टाकलंय. होळी झाली, नवं गवत भरायला कूलर उघडला, की आत डोळे न उघडलेली तीन-चार पिल्लं निघायचीच. मग मांजरीचा मुक्काम हलेपर्यंत सगळं घर घामाघूम होऊन बसतं. बाळंतिणीला उठवणार कोण?

त्या वर्षी पिल्लं जरा मोठी झाल्यावर सासूबाईंनी एकेकाला उचलून पाहिलं आणि ओरडल्या, “मायबाई! इच्या पंजाले सहा बोटं हायेत!”

सगळे धावले. शेजारचे निवृत्त गुरुजीही चप्पल न घालता आले. गुरुजींनी चष्मा पुसला आणि मुळावरच घाव घातला. “पन बाकीच्या मांजराइले किती असतेत?”

कोणीच बोलेना. जन्मभर मांजरांना दूध पाजलेली, त्यांच्यावर चपला फेकलेली, ती आडवी गेली म्हणून गाडी थांबवलेली ही माणसं. पण बोटं कोणी मोजली नव्हती. गुरुजी म्हणाले, चार पाय गुणिले पाच, वीस. मेहुणा म्हणाला सोळा, कारण फरशीवरच्या ओल्या ठशात चारच उमटतात. शेवटी एक साधं, बिनवादाचं पिल्लू उताणं धरून मोजणी झाली. पुढे पाच-पाच, मागे चार-चार. “मांगच्याले चारच? एक कुठी गेलं?” म्हणत शेजारच्या आजींनी कूलरच्या टाकीत वाकून पाहिलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी निवाडा दिला. मांजराला बोटं अठराच. पुढचं पाचवं म्हणजे अंगठा, तो वर चढलेला असतो, जमिनीला टेकत नाही, म्हणून ठशात दिसत नाही. मेळघाटातल्या वाघाचंही असंच. त्यालाही अठरा, आणि त्याच्याही पाऊलखुणेत चारच. पूर्वी वनखात्याचे लोक काच आणि प्लास्टर ऑफ पॅरिस घेऊन वाघांचे ठसे गोळा करत, त्यावरून वाघ मोजत. इतक्या वर्षांत वाघाचा अंगठा काही कागदावर आला नाही. सरकारी कागदावर अंगठा न उमटवता जगून दाखवणारा वऱ्हाडातला तो एकटाच रहिवासी असावा.

मला मात्र ही अठराची विभागणी ऐकून फार ओळखीचं वाटलं. पुढच्यांना पाच, मागच्यांना चार. आता जास्तीचं बोट मंजूर झालं, तर ते कुठे गेलं? पुढच्याच पायांना, जिथे आधीच पाच होती. मागच्यांचं चारावरच भागवलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक वेळा असंच होतं, जास्तीची बोटं पुढच्याच पायांत येतात, अंगठ्याच्या अंगाला. बहुतेक वेळा असंच होतं, हे एका वऱ्हाडी माणसाला त्यांनी सांगायची काही गरज नव्हती.

खरा समतोल विकास कॅनडात झाला. तिथल्या जेक नावाच्या बोक्याची बोटं २००२ साली गिनीज बुकासाठी मोजली, तर ती अठ्ठावीस भरली. चारही पायांना सात-सात! प्रत्येक बोटाला स्वतःचं नख, स्वतःची गादी, स्वतःचं हाड. पुढे-मागे भेदभाव नाही. दांडेकर समितीनं हा बोका पाहिला असता तर अहवालाला जोडला असता.

आमच्या पिल्लाची बेरीज वीस झाली. म्हणजे गुरुजींचं उत्तर एवढ्या एका मांजरीपुरतं बरोबर आलं, आणि गुरुजींनी त्याचे पूर्ण गुण वसूल केले. मुलांनी तिचं नाव ठेवलं बोनस. गल्लीतले अर्धे लोक नोकरदार, अर्धे शेतीवाले. दोघांच्याही जिवाभावाचा शब्द. रोज संध्याकाळी कोणीतरी फाटकातून विचारायचं, “बोनस आला काय?” आणि सासूबाई आतून सांगायच्या, “आला, पन झोपला हाय.”

मग प्रश्न आला, हे शुभ की अशुभ. सहा बोटांचा माणूस नशीबवान, असं आपल्याकडे म्हणतात. मांजरीला ते लागू आहे का, यावर दोन मतं पडली. सासूबाईंच्या मते लक्ष्मी आली. आजींच्या मते मांजर ती मांजरच, आडवी जायची ती जाणारच, उलट दोन बोटं जास्त रोवून जाईल. त्यात गुरुजींनी काशीचा मुद्दा काढला. मांजर आपल्या हातून मेलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही समजूत सगळ्यांना ठाऊक. “आता हुबेहूब करायचं मंजे बोटं वीस धरा लागतीन,” गुरुजी म्हणाले, “अन् तोळ्याचा भाव लाखाच्या वर हाय.” त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दुचाक्या हळू चालू लागल्या. गतिरोधकासाठी आम्ही दिलेला अर्ज अजून कुठेतरी पडून आहे. त्याचं काम बोनसनं केलं.

ज्या जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले, कीर्तनात लोकांना एकेक प्रश्न विचारून देवभोळेपणाची साल काढत हिंडले, त्या जिल्ह्यात आम्ही मांजरीच्या पंजावरून भविष्य पाहत होतो. बाबांनी खराटा आमच्याच अंगणातून सुरू केला असता.

एवढ्यात अकोल्याहून माझ्या मामाचा फोन आला. मामा दालमिलमध्ये. अकोल्यात दालमिल कमी नाहीत, आणि जिथे डाळ तिथे उंदीर. बोटांची बातमी त्याच्या कानावर गेली होती. त्यात मी त्याला सांगून बसलो, की अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, बोस्टनच्या बाजूला अशी मांजरं फार, आणि जुन्या काळचे खलाशी ती मुद्दाम जहाजावर ठेवायचे. पंजा रुंद, त्यामुळे हलत्या जहाजावर तोल जात नाही, उंदीर सुटत नाही, असा त्यांचा विश्वास. मामा म्हणाला, “मंग देऊन टाक नं बे. अकोल्याले समुद्र नाई त काय झालं, उंदरं त हायेत!”

हे सासूबाईंनी ऐकलं आणि अमरावती विरुद्ध अकोला हा जुना खटला पुन्हा बोर्डावर आला.

“सारं अकोल्यालेच न्या,” त्या म्हणाल्या. “पंजाबराव देशमुख आमच्या पापळचे, अन् त्याइच्या नावाचं कृषी विद्यापीठ अकोल्याले. आता मांजरही न्या!”

“विद्यापीठ १९६९चं हाय, इहीनबाई,” मामा फोनवरून. “तुमाले नंतर दुसरं भेटलं नं, गाडगेबाबाच्या नावाचं. आयुक्त तुमच्याकडं बसते. २०२५ले बेलोऱ्याले विमानबी उतरलं. आमच्या शिवणीची धावपट्टी वाढाची वाढूनच राह्यली. येक मांजर मांगतलं त पोटात दुखते काय?”

मी या दोघांच्या मध्ये. जन्म अकोल्याचा, संसार अमरावतीचा. बायकोनं मात्र एका वाक्यात निकाल दिला. कूलर लावायचा आहे, मांजरं कुठेही जाऊ द्या.

म्हणून एका रविवारी खोक्याला भोकं पाडून बोनसला घेऊन मी अकोल्याला निघालो. आता हा रस्ता साधा नाही. २०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी पदर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पाच दिवस रात्रंदिवस काम चाललं होतं, आणि आमच्याकडचे लोक उन्हात उभे राहून काम बघत होते. काम वेळेच्या आत होतंय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटणार नव्हतं. त्या रस्त्यावरून मी गिनीजच्या अटीला आठ बोटं कमी पडणारी मांजर घेऊन चाललो होतो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. खोक्यातून पंजा बाहेर आला आणि टपरीवरची माणसं जमली. एकानं विचारलं, विकता का. दुसऱ्यानं कोण्या महाराजाचा पत्ता द्यायला सुरुवात केली. तिसरा सावकाश आलूबोंडा संपवून, बोटं पुसून, बारकाईनं पंजा बघत म्हणाला, “हे त्या फवारनीनं झालं.” वऱ्हाडात कशाचंही खापर फवारणीवर फोडता येतं, आणि बरेचदा ते बरोबरही असतं. पण हे फवारणीनं झालेलं नाही.

झालंय ते असं. गर्भात पंजा घडत असताना कुठल्या बाजूला अंगठा आणि कुठल्या बाजूला करंगळी, हे ठरवणारं एक जनुक आहे. त्याचं नाव सॉनिक हेजहॉग. होय, व्हिडिओ गेममधला तो निळा, पळणारा प्राणीच. आधी माश्यांच्या अळीत एक जनुक सापडलं होतं. ते बिघडलं की अळीच्या अंगावर काटेच काटे येत, म्हणून त्याला हेजहॉग नाव दिलं. पुढे उंदीर-कोंबडीत त्याचे भाऊबंद सापडले तेव्हा शास्त्रज्ञांना गेम आठवला. आता गंमत अशी, की पंजात हे जनुक चालू-बंद करणारा तुकडा जनुकापाशी नाहीच. तो जवळजवळ दहा लाख अक्षरं दूर, भलत्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला. मोटार आपल्या विहिरीवर आणि स्टार्टर चुलतभावाच्या वावरात, असा प्रकार. त्या तुकड्यात एकच अक्षर बदललं, की अंगठ्याकडच्या बाजूला, जिथे हे जनुक गप्प बसायला हवं, तिथेही ते चालू होतं आणि जास्तीचं बोट फुटतं. एडिंबरोच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की अमेरिकेतल्या मांजरांत बदललेलं अक्षर एक आहे आणि ब्रिटनमधल्यांत वेगळीच. आईबापांपैकी एकाकडून असं एक अक्षर आलं तरी पुरे. पोरांपैकी साधारण निम्म्यांत ते उतरतं. यातलं बरंचसं मी टपरीवर सांगितलं. आलूबोंडेवाला म्हणाला, “मंजे इचा बाप कोन, ते पाहा लागते.” जनुकशास्त्राचा याहून थोडक्यात सारांश मी ऐकलेला नाही.

अशा मांजरांची राजधानी फ्लोरिडातल्या की वेस्ट बेटावर आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे १९३० नंतरची काही वर्षं तिथल्या घरात राहिला. आता त्याचं संग्रहालय आहे आणि आवारात पन्नास-साठ मांजरं हिंडतात, त्यातली निम्मी जास्तीच्या बोटांची. एका जहाजाच्या कप्तानानं हेमिंग्वेला सहा बोटांचं पांढरं मांजर दिलं, त्याचीच ही वंशावळ, असं संग्रहालय सांगतं. मांजरांना नटनट्यांची, लेखकांची नावं. रूझवेल्टसाहेब राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्याकडेही सहा बोटांचं स्लिपर्स नावाचं मांजर होतं; ते भर मेजवानीच्या वेळी वाटेत आडवं झोपलं, तर साहेबांनी पाहुण्यांची रांग त्याला वळसा घालून नेली म्हणतात. आमच्याकडे पालकमंत्र्यांचा ताफा मांजरीसाठी थांबतो, पण त्याचं कारण वेगळं.

मला हेमिंग्वेच्या मांजरांपेक्षा त्यांच्या खटल्याचं जास्त अप्रूप. अमेरिकेच्या कृषी खात्यानं संग्रहालयाला विचारलं, तुम्ही प्राणी दाखवून तिकिटाचे पैसे घेता, मग सर्कशीसारखा परवाना कुठे आहे? संग्रहालय म्हणालं, ही आमची घरची मांजरं. वर्षानुवर्षं चाललं. शेवटी २०१२च्या डिसेंबरात अपील न्यायालयानं निकाल दिला, की दूरदूरच्या राज्यांतून लोक पैसे मोजून येतात, मांजरांची जाहिरात होते, म्हणजे हा आंतरराज्यीय व्यापाराशी जोडलेला मामला. केंद्राचा कायदा लागू. अंगणात झोपलेल्या मांजरीला केंद्र सरकारच्या अखत्यारीत आणणारं राष्ट्र ते.

आणि आपण? २०२४च्या ऑक्टोबरात देशाची एकविसावी पशुगणना सुरू झाली. तिच्या यादीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर आहेतच. पण मिथुन आहे, याक आहे, उंट आहे, हत्ती आहे, ससा आहे, कुत्राही आहे. मांजर नाही. आमच्या गल्लीत याक निघाला तर त्याची नोंद होईल. बोनस मात्र वीस बोटं पसरून मोजणीदाराच्या फाइलवर बसली तरी ती कागदोपत्री जन्मलेलीच नाही. वऱ्हाडात अशी किती मांजरं आहेत, असं गुरुजींनी विचारलं होतं. पाच बोटांची किती तेच कोणी मोजलं नाही, तिथे सहाचा आकडा कुठून आणायचा?

जास्तीच्या बोटानं फायदा होतो का, हा मामाचा खरा प्रश्न. मांजराला त्याचा सहसा त्रास नसतो. पण जे बोट जमिनीला टेकत नाही त्याचं नख झिजत नाही, वळत वळत गादीत घुसतं, म्हणून ते कापावं लागतं. म्हणजे जास्तीच्या बोटाबरोबर जास्तीचं काम आलं, आणि ते मांजरीच्या वाट्याला नाही, आपल्या. बोनसची नखं कापायला एकानं मानगूट धरायची, दुसऱ्यानं पंजा, तिसऱ्यानं कापायचं आणि चौथ्यानं हळद घेऊन उभं राहायचं. हळद मांजरीसाठी नव्हे. माणसांचं म्हणाल, तर २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचं सुवर्णपदक जिंकणारी जलपाईगुडीची स्वप्ना बर्मन. दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. कौतुक सगळ्यांनी केलं, पण तिला रुंद पायाचे बूट मिळेनात, पाचाच्या बुटांत सहा बोटं कोंबून ती धावत होती. बोट जास्तीचं झालं की बूट कमी पडतो. असा अनुशेष मात्र दांडेकरांच्याही नजरेतून सुटला असावा.

बोनस अकोल्याला रुळली. सेहेचाळीस अंशांच्या उन्हात ती दालमिलच्या गोदामात थंड गोण्यांवर चारही पाय ताणून झोपते. उंदीर पकडते का, असं मी विचारलं की मामा म्हणतो, “पकडन. सध्या पाहून राह्यली.” पाहणी चालू आहे, हे उत्तर आम्हाला नवीन नाही.

यंदा तिला दिवस गेल्याची बातमी आली आणि पिल्लांच्या वाटपावरून अमरावती-अकोला फोन सुरू झाले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसला प्रकार. सासूबाईंचं म्हणणं, मूळ पुंजी आमची, तेव्हा सहा बोटांची पिल्लं आमची. मामाचं म्हणणं, तिचं दूध-पाणी आम्ही केलं. पिल्लं चार झाली. दोघांना सहा-सहा, दोघांना पाच-पाच. हेमिंग्वेच्या घरी नटनट्यांची नावं ठेवतात, मामानं मिलच्या हिशेबानं ठेवली: तूर, हरभरा, मूग, उडीद. सहा बोटं तूर आणि हरभऱ्याला.

फोन स्पीकरवर होता. सासूबाई म्हणाल्या, “याहीबुवा, आमाले तूर पाठवा. बाकी तुमची.”

आयुष्यभर युरियाच्या रांगेत उभं राहून मामा जे शिकला होता ते त्यानं एका दमात बाहेर काढलं. “देतो नं इहीनबाई. पन नुसती तूर नाई भेटत. तिच्यासंगं उडीद घ्याच लागते. लिंकिंग हाय!”